डेट्रॉईटची होडी सिॲटलला, आणि चार इंचांचा घोळ

आधी हिशोब सांगतो, म्हणजे ज्यांना हसायचंय ते हसून घेतील. बोट घेतली होती २०१६ साली, सेकंडहँड, सहा हजार डॉलरला. आणि २०२३ मध्ये तीच बोट मिशिगनमधल्या डेट्रॉईटहून वॉशिंग्टन स्टेटमधल्या सिॲटलला न्यायला सगळं मिळून गेले नऊ हजारांच्या वर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण बायकोने त्या वर्षात मला किती वेळा ऐकवली असेल त्याची मोजदाद नाही.

बोट म्हणजे यॉट बिट नाही हां. कॅटलिना २७, १९८४ सालची, शिडाची, आत एक छोटं डिझेल इंजिन. १९७१ ते १९९१ अशी वीस वर्षं ही बोट बनत होती आणि सहा हजारांच्या वर निघाल्या, त्यामुळे इथे ही म्हणजे आपल्याकडे एकेकाळी असायची त्या प्रीमियर पद्मिनीसारखी, कुठल्याही धक्क्यावर एखादी दिसणारच. मी मूळचा मालवणचा, पण शीड कसं लावायचं ते शिकलो डेट्रॉईटजवळच्या लेक सेंट क्लेअरवर, ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्याकडून, आणि त्यानेच रिटायर होताना ही बोट मला विकली. त्यामुळे सिॲटलला नोकरी लागली तेव्हा सगळे म्हणाले विकून टाक, तिकडे दुसरी मिळेल. मिळाली असती. पण नाही विकवली.

पाण्यातून का नेली नाही असं आमच्या सोसायटीतल्या एकाने खरोखर विचारलं होतं. सेंट लॉरेन्समधून अटलांटिकला निघायचं, खाली पनामा कालवा, मग पॅसिफिकमधून परत वर. वर्षभराची बिनपगारी रजा आणि बहुतेक घटस्फोट. त्यामुळे ट्रक. मालवणला फोनवर आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे मेल्या, होडी ट्रकार घालून खय नेतंस?"

बाबा एसटीत कंट्रोलर होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ज्याला पैसे देतोयस त्याचा स्वतःचा ट्रक आहे का? मालक आहे की दलाल आहे?" मी म्हटलं बाबा, मोठी कंपनी आहे, वेबसाईट आहे, बोटींचे फोटो आहेत, तुम्ही काळजी करू नका. ते म्हणाले बरं. एवढंच. हा बरं मला पुढे अडीच महिने ऐकू येत होता.

तर झालं असं की जानेवारीत मी सिॲटलला आलो, बोट तिकडे हॅरिसन टाउनशिपच्या एका यार्डात हिवाळ्यासाठी बाहेर काढून जॅकस्टँडवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, ठेवलेली. तिकडे तळं गोठतं त्यामुळे ऑक्टोबरात सगळ्या बोटी बाहेर निघतात आणि एप्रिल-मेमध्ये परत पाण्यात जातात. मार्चमध्ये मी कोट मागवायला सुरुवात केली. एका साईटवर माहिती टाकली आणि पुढच्या दोन तासांत फोन वाजायचा थांबेना, लग्नाच्या साईटवर मुलीचं नाव टाकल्यावर येतात तसे. कोणी नऊ हजार सांगतोय, कोणी साडेसात, कोणी ६,८००, आणि एक मात्र ४,२००. डिझेल, परमिट, इन्शुरन्स, सगळं धरून ४,२००. बाई इतकी गोड बोलत होती, मध्ये मध्ये बोटीचं नाव विचारत होती, नावाचा अर्थ विचारत होती. मी त्याच दिवशी क्रेडिट कार्डवरून ८५० डॉलर डिपॉझिट भरलं आणि ८ ते १२ मे हा आठवडा बुक केला.

आता इथे रुंदीची भानगड सांगितली पाहिजे कारण सगळी गोष्ट तिच्यावरच आहे. अमेरिकेत हायवेवर गाडी किंवा माल जास्तीत जास्त साडेआठ फूट रुंद चालतो, म्हणजे १०२ इंच. त्याच्या वर एक इंच जरी गेला तरी तो ओव्हरसाईज. मग ज्या ज्या स्टेटमधून जाणार त्या प्रत्येकाचं वेगळं परमिट काढायचं, पिवळा बोर्ड लावायचा, बहुतेक ठिकाणी फक्त दिवसाउजेडी चालवायचं, मोठ्या शहरात गर्दीच्या वेळी थांबायचं, सणासुदीच्या सुट्टीत गाडी उभी करायची. परमिटची फी एवढी काही नसते, पण त्यात मार्ग आणि तारखा बांधलेल्या असतात, आणि बहुतेक परमिटं थोड्या दिवसांचीच असतात, त्यामुळे एका स्टेटमध्ये उशीर झाला की पुढची सगळी माळ हलते. आणि मिशिगन ते वॉशिंग्टन आय-९४ आणि आय-९० या हायवेंनी आलं तर मिशिगन, इंडियाना, इलिनॉय, विस्कॉन्सिन, मिनेसोटा, नॉर्थ डकोटा, मोंटाना, आयडाहो, वॉशिंग्टन, मोजा, नऊ. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले म्हणजे आपल्या जकात नाक्यांसारखं की.

आणि कॅटलिना २७ ची रुंदी किती? आठ फूट दहा इंच.

चार इंच! वीत पण नाही. हाताची चार बोटं आडवी धरली तर त्यापेक्षा थोडं जास्त. बारा फुटांच्या वर गेलं तर बऱ्याच स्टेटमध्ये पुढेमागे पायलट गाडी लागते, ते सुदैवाने आपल्याला नाही. उंचीचाही प्रश्न नव्हता, तिकडच्या बाजूला साडेतेरा फूट चालते आणि पश्चिमेकडे चौदा, आपली बोट कीलसकट, म्हणजे पोटाखालच्या जड फाळासकट, ट्रेलरवर चढली तरी त्याच्या बरीच खाली. फक्त हे चार इंच. मी फॉर्ममध्ये स्वच्छ लिहिलं होतं आठ फूट दहा इंच, वर त्या बाईला मेल पण केली होती की कृपया लक्षात घ्या ही ओव्हरविड्थ आहे. तिचा रिप्लाय, एक अंगठा आणि "काही प्रॉब्लेम नाही".

एप्रिलभर मी तयारी केली, म्हणजे यार्डातल्या पोरांकडून करून घेतली आणि बाकीची एका वीकेंडला जाऊन. मास्ट म्हणजे डोलकाठी उतरवली. ती बोटीपेक्षा लांब असते आणि तिच्या तारा, त्यांच्या पिना, स्प्रेडर, वरचा वारा दाखवणारा पंखा, हे सगळं सुटं करून बांधावं लागतं. तारा मास्टला जुन्या गालिच्याच्या पट्ट्यांत गुंडाळून बांधायच्या, नाहीतर दोन हजार मैल घासत घासत ॲल्युमिनियमला खाच पाडतात. पिना आणि नटबोल्ट मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरले आणि वर मार्करने लिहिलं. पाण्याच्या टाक्या रिकाम्या, डिझेल अगदी थोडं, बॅटरीच्या वायरी सोडवलेल्या, झाकणांना टेप, आतलं सगळं सामान खाली जमिनीवर. रेलिंगचे खांब काढले. एक गोष्ट मला माहीत नव्हती, ते प्लास्टिकचं पांढरं गुंडाळतात ना हिवाळ्यात, ते घालून पाठवू नका असं बरेच ड्रायव्हर सांगतात, कारण एक कोपरा फाटला की ते वाऱ्याने फडफडत राहतं आणि दोन-तीन दिवसांत बोटीचा रंग पॉलिशपेपरने घासल्यासारखा जातो. मी आनंदाने काढून फेकलं, तसंही आत माकडासारखं वाकून फिरावं लागत होतं.

८ मे आला. ट्रक नाही. बाई म्हणाली ड्रायव्हर ओहायोत अडकलाय. १० मे, स्प्रिंगमध्ये रस्त्यांवर वजनाची बंधनं असतात त्यामुळे उशीर. ही बंधनं मिशिगनमध्ये खरीच असतात, बर्फ वितळताना रस्ते मऊ पडतात म्हणून, पण मेच्या मध्यापर्यंत? यार्डच्या मॅनेजरला विचारलं तर तो हसला. तो बिचारा वेगळ्याच काळजीत, कारण बाकीच्या बोटी पाण्यात चालल्या होत्या आणि माझी मध्येच उभी, तिच्या मागच्या तीन बोटी अडकलेल्या, आणि १५ तारखेनंतर रोजचं भाडं लागणार असं त्याने नम्रपणे दोनदा सांगितलं.

शेवटी १५ तारखेला ट्रक नक्की. मी रात्रीचं विमान पकडून डेट्रॉईटला गेलो, डोळे चुरचुरतायत, यार्डात सकाळी साडेआठला उभा. साडेअकराला एक पोरगा आला, वय असेल पंचविशीचं, मागे सपाट ट्रेलर. सपाट! नुसती पाटी, जिच्यावर विटा किंवा लोखंडी पाईप नेतात. बोटीला लागतो तो हायड्रॉलिक ट्रेलर, ज्याला बाजूने उभे दांडे असतात आणि त्याच्या टोकाला पॅड, बोटीचं वजन सगळं खाली कीलवर आणि ते पॅड तिला नुसतं पडू देत नाहीत. माझ्या बोटीचं वजन तीन टनांच्या वर, त्यातलं सव्वा टन शिसं एकट्या कीलमध्ये. ही पाटीवर कशी उभी राहणार, दोरी बांधून?

पोरगा खाली उतरला, बोटीकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, परत बोटीकडे. म्हणाला मला तर सांगितलंय की बोट स्वतःच्या ट्रेलरवर आहे, ती फक्त वर चढवायची. मग त्याने टेप काढला. मी एक टोक धरलं, त्याने दुसऱ्या बाजूला जाऊन बघितलं आणि काही न बोलता मला हाक मारून आकडा दाखवला. १०६. मग कागद दाखवला. कागदावर रुंदी लिहिलेली, साडेआठ फूट. माझी नाही, त्यांनी लिहिलेली.

तेव्हा मला सगळं कळलं. ही कंपनी म्हणजे कंपनीच नव्हती, ब्रोकर होता, बाबांच्या भाषेत दलाल. माझ्याकडून ४,२०० ठरवून ट्रकवाले जिथे माल शोधतात त्या बोर्डवर माझा माल त्याहून कमी पैशात टाकलेला, आणि आठ फूट दहा लिहिलं असतं तर त्या भावात कुत्रं पण आलं नसतं, म्हणून चार इंच कापले. त्या पोराकडे एकाही स्टेटचं परमिट नाही. तो बिचारा तीनशे मैल रिकामा आलेला. त्याने मला स्वच्छ सांगितलं की मी ही घेऊन गेलो तर पहिल्या वजनकाट्यावरच गाडी बाजूला घेतील, दंड मला आणि बोट तिथेच उभी. मी त्याला कॉफी पाजली, अजून काय करणार. राग त्याच्यावर काढण्यात अर्थच नव्हता.

ब्रोकरबाईंना फोन लावला. आवाज तोच गोड, पण म्हणणं असं की आता ओव्हरसाईज असल्याने २,९०० डॉलर जास्त लागतील आणि पुढचा ट्रक जूनच्या शेवटी. डिपॉझिट? ते करारानुसार परत मिळत नाही.

त्या दिवशी यार्डाच्या बाहेर भाड्याच्या गाडीत बसून मी जे करायला पाहिजे होतं ते दोन महिने उशिरा केलं. अमेरिकेत ट्रकवाल्या प्रत्येक कंपनीला सरकारी नंबर असतो आणि केंद्राच्या मोटर कॅरिअर खात्याच्या साईटवर तो टाकला की फुकटात कुंडली निघते. कंपनीकडे ट्रक किती, ड्रायव्हर किती, तपासणीत किती वेळा अडकले, अपघात किती, आणि मुख्य म्हणजे कॅरिअर, म्हणजे स्वतः माल नेणारा, आहे की ब्रोकर. माझ्या कंपनीपुढे ट्रक, शून्य. ड्रायव्हर, शून्य. बाबांनी सिंधुदुर्गात खुर्चीत बसून जे एका वाक्यात विचारलं होतं ते तिथे सरकारी अक्षरात लिहिलेलं.

ब्रोकर असणं म्हणजे गुन्हा नाही हे पण सांगतो. त्यांना लायसन्स असतं, ७५,००० डॉलरचा बॉण्ड ठेवावा लागतो, आणि चांगले ब्रोकर चांगला ड्रायव्हर शोधून देतात. फक्त तुम्ही पैसे ज्याला देताय आणि बोट ज्याच्या हातात जाणार ते दोघे वेगळे आहेत हे आधी माहीत पाहिजे. अजून एक, बाकी ट्रकवाल्यांना लोकांना झालेल्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे, पण मालाचा विमा २०११ पासून घरसामान नेणारे सोडून बाकीच्यांना केंद्राकडून सक्तीचा नाही. म्हणजे ट्रकने कोणाला धडक दिली तर भरपाई आहे, तुमची बोट पडली तर कदाचित आहे. सर्टिफिकेट मागून घ्यायचं, आणि कंपनीकडून नाही, थेट त्यांच्या विमा एजंटकडून. आणि स्वतःच्या बोटीची पॉलिसी पण काढून वाचा, माझ्या पॉलिसीत रस्त्यावरचा प्रवास फक्त अडीचशे मैल कव्हर होता, वरच्यासाठी ९० डॉलर भरून वेगळी ओळ लिहून घ्यावी लागली.

यार्डच्या मॅनेजरनेच मग सोडवलं. म्हणाला, एक नवरा-बायको आहेत, वॉशिंग्टन स्टेटचेच, दरवर्षी दोन-तीनदा इकडे बोटी सोडायला येतात आणि परत जाताना रिकामे जायचं नाही म्हणून काहीतरी घेऊन जातात, बघतो. नंबर दिला. फोन बाईंनी उचलला. त्यांनी बोटीचं नाव विचारलं नाही, अर्थ विचारला नाही. पहिला प्रश्न, "रुंदी किती? तू स्वतः मोजलीस की पुस्तकात बघून सांगतोयस?" मी म्हटलं कालच मोजली, १०६. "कुठे मोजली, बाजूच्या रबराच्या पट्टीसकट?" हो. "बरं. कीलच्या तळापासून सगळ्यात उंच नटापर्यंत?" मी धावत जाऊन यार्डातल्या पोराला शिडीवर चढवलं. मग इंजिन कुठलं, कीलचा आकार कुठला, फिन की विंग, यार्डाचा रस्ता कसा, विजेच्या तारा किती उंच, सिॲटलला कुठे उतरवायची, तिथली लिफ्ट बुक केलीस का. वीस मिनिटं नुसती उलटतपासणी. मला त्या बाईंचं बोलणं ऐकूनच निम्मी काळजी मिटली. भाव ७,४००, परमिटसकट, डिपॉझिट नाही, अर्धे चढवल्यावर आणि अर्धे उतरवल्यावर. स्वतःचा ट्रक, स्वतःचा हायड्रॉलिक ट्रेलर, सरकारी कुंडलीत एक ट्रक, दोन ड्रायव्हर. दोघे आळीपाळीने चालवतात, परमिटं बाई लॅपटॉपवर काढतात.

फक्त मेमोरियल डेची सुट्टी मध्ये येत होती, २९ मे, त्या वीकेंडला ओव्हरसाईज गाड्या बऱ्याच स्टेटमध्ये चालत नाहीत, त्यामुळे चढवणं ३१ मेला. म्हणजे यार्डाचं भाडं अजून दोन आठवडे, आणि मला परत विमान. बायको म्हणाली आता तिकीट काढताना बोटीच्या नावाने काढ.

३१ तारखेला जाताना मी इंडियन ग्रोसरीतून नारळ घेऊन गेलो. मालवणचा माणूस आहे, होडी प्रवासाला निघाली आणि नारळ नाही असं होत नाही, मग ती पाण्यातून निघो की हायवेवरून. पुढच्या टोकाला हळदकुंकू लावलं, नारळ जॅकस्टँडच्या लोखंडावर फोडला. ड्रायव्हरकाका, साठीच्या पुढचे, सस्पेंडर लावलेले, शांतपणे बघत होते. झाल्यावर म्हणाले हे खायचं असतं का? दिला तुकडा. चावत चावत बोटीभोवती फिरले आणि मग कामाला लागले.

ते काम बघण्यासारखं होतं. ट्रेलर मधून मोकळा, म्हणजे वरून बघितला तर उलटा यू. तो मागे घेत घेत बोटीच्या खाली सरकवला, दोन्ही बाजूंना जेमतेम हात जाईल एवढी जागा. काका आरशात बघत नव्हतेच, बाईंच्या हाताकडे बघत होते. बाई मागे उभ्या, दोन बोटं, एक बोट, मूठ. कीलच्या खाली लाकडी ठोकळे, त्यावर कील टेकली, मग एकेक पॅड हायड्रॉलिकने वर येऊन बोटीच्या पोटाला लागला, आणि प्रत्येक पॅड लागला की काका तळहाताने बोटीवर थापटून आवाज ऐकायचे. जिथे आतून लाकडी भिंत आहे तिथे भरीव आवाज येतो, तिथेच पॅड. एक पॅड त्यांनी तीनदा हलवला, चार-चार बोटं इकडेतिकडे. सगळं झाल्यावर मग जॅकस्टँड काढले. सात महिने त्या जागी उभी असलेली बोट इंचभर हलली आणि माझ्या पोटात गोळा आला. मास्ट बाजूला गालिच्यावर, टोकाला लाल फडकं. मग बाईंनी फोनने बोटीचे चाळीसेक फोटो काढले, प्रत्येक जुना ओरखडा मला दाखवून कागदावर लिहिला आणि माझी सही घेतली. मी पण माझे काढले. श्रीखंडाचे डबे बघून विचारलं हे काय, म्हटलं पिना. म्हणाल्या, छान, सगळे असं करत नाहीत.

पुढचे सात दिवस रोज संध्याकाळी एक फोटो यायचा. फार्गोच्या ट्रकस्टॉपवर बोट, मागे सूर्यास्त. त्यांनी काही लिहिलेलं नसायचं, नुसता फोटो, पण मी तो आमच्या घरच्या ग्रुपवर टाकायचो आणि आजी विचारायची आज होडी खय पावली. पाण्याचा थेंब नसलेल्या मोंटानाच्या माळावर पण होडी उभी. बुटजवळ होमस्टेक पास आहे, आय-९० वरची सगळ्यात उंच जागा, ६,३२९ फूट, महाबळेश्वरच्या दीडपट म्हणा ना. तिथून बाईंनी पहिल्यांदा दोन शब्द पाठवले, "ती गार पडलीय".

शिंपल्यांचं राहिलंच. लेक सेंट क्लेअरमध्ये १९८८ साली झेब्रा मसल सापडले, जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून युरोपकडून आलेले, आपल्याकडे शिनाणे असतात ना त्याच जातीतले दिसायला, पण नखाएवढे आणि पट्ट्यापट्ट्यांचे. खायच्या कामाचे नाहीत, चिकटायच्या कामाचे. पाईपमध्ये, धरणांच्या जाळ्यांत, इंजिनांत एवढे थर बसतात की पाणी बंद. कोलंबिया नदीच्या धरणांवाले त्यांना प्रचंड घाबरतात, त्यामुळे मोंटाना, आयडाहो, वॉशिंग्टन तिन्हीकडे हायवेवर बोटींची नाकी असतात आणि ट्रेलरवरची प्रत्येक बोट तिथे थांबलीच पाहिजे. मला वाटत होतं आपली बोट सात महिने कोरडी उभी आहे, काय असणार. नॉर्थ डकोटातून मोंटानात शिरल्या शिरल्या वीबो नावाचं गाव आहे, तिथल्या नाक्यावर पोरीने टॉर्च घेऊन खालून बघितलं आणि सुकाणूच्या बिजागरीच्या फटीतून तीन शिंपले काढले. वाळलेले, मेलेले. पण मेलेला जरी असला तरी चालत नाही, जिवंत-मेला कोण तपासत बसणार. मग ६० अंशाच्या गरम पाण्याने सगळी बोट खालून धुतली, इंजिनच्या पाण्याच्या वाटेतून पण गरम पाणी सोडलं, पावती दिली. अडीच तास गेले. ती पावती पुढच्या दोन्ही स्टेटमध्ये दाखवली. काकांनी हे सगळं आधीच वेळापत्रकात धरलेलं होतं, म्हणाले, तुमच्या तळ्यातली बोट आणि धुवावी लागली नाही असं माझ्या आयुष्यात दोनदाच झालंय. तिथल्या पोरीने पुढच्या टोकावरचा लाल डाग बघून हा कुठला अँटिफाउलिंग पेंट, म्हणजे शिंपले-शेवाळ चिकटू नये म्हणून लावतात तो रंग, असं विचारलं म्हणे. काका म्हणाले, नारळाचा.

तेव्हा मला हा सगळा जरा अतिरेक वाटला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयडाहोत स्नेक नदीत त्यांचेच भाऊबंद, क्वागा मसल, सापडले आणि सरकारने नदीच्या त्या तुकड्यात औषध सोडलं, तेव्हापासून मी गप्प आहे.

७ जूनला सकाळी साडेदहाला बोट सिॲटलच्या कालव्यावरच्या यार्डात. ट्रॅव्हललिफ्टचे, म्हणजे बोट उचलणाऱ्या चाकांच्या क्रेनचे, पट्टे लागले, काकांनी पॅड एकेक करून खाली घेतले, मी फोटो आणि कागद घेऊन भोवती फिरलो. नवीन ओरखडा एक नाही. फक्त धुळीचा असा थर की बोटाने नाव लिहावं. चेक दिला, काकांना चहा विचारला तर नको म्हणाले, दुपारी टकोमात दुसरी बोट चढवायची होती. बाईंनी जाताना विचारलं तो नारळ कुठे मिळतो.

डिपॉझिटचं सांगायचं राहिलं. कार्डाच्या बँकेकडे तक्रार केली, माझा फॉर्म, ती मेल, अंगठा, आणि त्या पोराने मला फोटो काढू दिलेला तो कागद ज्यावर साडेआठ फूट लिहिलं होतं, हे सगळं जोडलं. दोन महिन्यांनी ८५० परत आले. विमानाचं एक तिकीट आणि यार्डाचं भाडं मात्र गेलं ते गेलंच.

मास्ट उभी करायच्या दिवशी क्रेन तासाच्या भाड्याने आलेली आणि एका तारेची पिन सापडेना. श्रीखंडाचे तिन्ही डबे जमिनीवर ओतून बसलो. शेवटी शेजारच्या दुकानातून चार डॉलरची नवी आणली, क्रेनची पाऊण तासाची चैन झाली तो भाग वेगळा. जुनी पिन ऑगस्टमध्ये माझ्या जॅकेटच्या खिशात निघाली. मग बॅलर्डच्या लॉकमधून, म्हणजे कालवा आणि समुद्र यांच्या मधल्या पाण्याच्या जिन्यातून, बोट खाली उतरली आणि माझ्या माहितीप्रमाणे जन्मात पहिल्यांदा खाऱ्या पाण्यात गेली. मी हात बुडवून चाटून बघितलं. मालवणच्या मानाने अळणी.

त्याच दुपारी शिलशोल बे मरिनाच्या ऑफिसात धक्क्यावरच्या जागेचा फॉर्म भरत होतो. काउंटरवरची मुलगी टाईप करता करता म्हणाली, सत्तावीस फूट, आणि रुंदी साडेआठ लिहिते हं, या साईजच्या साधारण तेवढ्याच असतात.

"नाही," मी म्हटलं. "आठ फूट दहा इंच. रबराच्या पट्टीसकट."